कोरा ट्रक, जुनं साल: लॉटवर गवत उगवेल, पण भाव उतरणार नाही?

चौथागिअर (धागाकर्ता)

मुक्काम ओहायो. घरापासून पंधरा मिनिटांवर हायवेला लागून एक डीलर आहे, नाव लिहीत नाही. त्याच्या लॉटवर, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, मागच्या बाजूला कुंपणाशी एक पिकअप उभा आहे. मॉडेल २०२४, ओडोमीटर ११ मैल. पुढच्या रांगेत २०२६चे ट्रक येऊन लागले तरी हा जागचा हलला नाही. डांबराच्या भेगेतून आलेलं गवत आता मागच्या बंपरला टेकलंय.

काचेवरच्या स्टिकरवर कंपनीचा छापील भाव ७१ हजार डॉलर. मी ५८ म्हणालो. सेल्समन 'मॅनेजरला विचारून येतो' म्हणत आत गेला, वीस मिनिटांनी आला आणि साडेसदुसष्ट म्हणाला, तेही उपकार केल्यासारखं. दिवाळी झाल्यावर आकाशकंदील कुणी पूर्ण भावात विकत नाही, मग इथं काय अडलंय? आठवडाभर वाचलं, डीलरकडे पूर्वी हिशेब बघणाऱ्या एका ओळखीच्याला छळलं. आता माझं मत असं झालंय की डीलरला शिव्या देण्यात अर्थ नाही, खरा घोळ कारखान्याचा आहे.

कारखान्याचं गिऱ्हाईक आपण नाही, डीलर आहे. ट्रक डीलरकडे रवाना झाला की कंपनीच्या वहीत विक्री झाली. मग तो लॉटवर दोन महिने राहो की दोन वर्षं. डीलर तो रोखीनं घेत नाही, 'फ्लोअर प्लॅन' नावाच्या कर्जावर घेतो, आणि ते कर्ज पुष्कळदा त्याच कंपनीची फायनान्स शाखा देते. माल गळ्यात मारणारे तेच, व्याज खाणारेही तेच. 'नको' म्हणावं, तर पुढच्या खेपेला खपणारी मॉडेलं कमी मिळण्याची भीती, कारण किती माल विकलात यावर पुढचं वाटप ठरतं.

२०२१मध्ये फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर शून्याला टेकला होता. जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४ तो ५.२५ ते ५.५० टक्के होता, आणि डीलरला त्याहून वरचढ दरानं पैसे मिळतात. समजा ८ टक्के धरले आणि ट्रक त्याला ६५ हजाराला पडला, तर वर्षाला ५,२०० डॉलर नुसतं व्याज. आता ५८ला विकला तर त्याचा तोटा किती, तुम्हीच मांडा.

हिशेबनीस

मांडतो. पण आधी तुमचा पहिलाच आकडा तपासू. '६५ला पडला' हे कुणी सांगितलं? डीलरनंच ना? इनव्हॉइसवरचा, म्हणजे कंपनीच्या बिलावरचा आकडा म्हणजे त्याची खरी खरेदी नव्हे. 'होल्डबॅक' म्हणून बऱ्याच कंपन्या स्टिकरच्या साधारण २ ते ३ टक्के विक्रीनंतर परत देतात. फ्लोअर प्लॅनच्या व्याजालाही कंपनीचा हातभार असतो, निदान पहिले काही महिने. वर महिन्याचं उद्दिष्ट गाठलं की बोनस वेगळा. त्यामुळे डीलर बिचारा वगैरे काही नाही.

दुसरं, गेलेलं व्याज गेलं. ते वसूल होईल म्हणून ट्रक धरून ठेवणं म्हणजे बुडालेल्या पैशांच्या मागे चांगले पैसे टाकणं. पुढचा प्रत्येक महिना तुमच्याच हिशेबानं ४३० डॉलरचा. आज तोटा घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं. तरी तो घेत नाही, कारण ५८ला विकला तर सेल्स मॅनेजरच्या नावासमोर त्या महिन्यात मोठा लाल आकडा पडतो, आणि त्याचं कमिशन त्याच आकड्यावर असतं. व्याज मात्र दर महिन्याला थोडं थोडं, सगळ्या गाड्यांचं एकत्र, वेगळ्या रकान्यात जातं. ते कुणा एकाच्या अंगावर येत नाही. माणूस एकदाची थप्पड टाळायला वर्षभर चिमटे सोसतो.

आणि २०२१-२२ विसरलात का? चिपा मिळत नव्हत्या, लॉट ओस पडले होते, तेव्हा हेच लोक सरकारमान्य स्टिकरशेजारी 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' नावाची दुसरी चिठ्ठी चिकटवून पाच-दहा हजार वर मागायचे. (ते मूळ स्टिकर १९५८च्या कायद्यानं आलं. सिनेटर मन्रोनी यांच्या नावावरून त्याला मन्रोनी स्टिकर म्हणतात. गिऱ्हाइकाला एक पक्का आकडा दिसावा म्हणून!) एकदा ती चव जिभेला लागली की सुटत नाही.

चौथागिअर

होल्डबॅकचं मान्य. पण डीलर निवांत बसलाय हे चित्र चूक. ठरावीक मुदत उलटली की कर्ज देणारा मुद्दलातला हिस्सा मागायला लागतो, त्याला 'कर्टेलमेंट' म्हणतात. म्हणजे ट्रक विकला गेलेला नाही आणि खिशातून मुद्दल भरा. हौसेनं कोण ठेवेल?

हिशेबनीस

अहो, हा तर माझाच मुद्दा झाला. मुद्दल भरावं लागतं आणि तरीही तो विकत नाही!

मीरा_टेक्सास

दोघं भांडताय कारखाना की डीलर यावर. विकत घेणाऱ्याचा विचार कुणी केलाय का? मागच्या वर्षी मीही याच फेऱ्यातून गेले, म्हणून लिहिते.

'कोरा आहे, फक्त साल जुनं' हे वाक्य फक्त सेल्समनच्या तोंडी शोभतं. बँक आणि विमा कंपनी मॉडेल वर्ष बघतात. २०२५च्या शेवटी घेतलेला २०२४चा ट्रक पुढच्या वर्षी ठोकला गेला आणि निकामी ठरला, तर भरपाई साधारणपणे दोन वर्षं जुन्या ट्रकच्या बाजारभावानं मिळणार. विकायला काढला तरी तेच. म्हणजे ज्या वर्षांची घट दुसऱ्या कुणी सोसायची, ती आपण सोसतोय आणि ट्रक चालवायला तर मिळालाच नाही. त्यात कमी व्याजाच्या कर्जाच्या ऑफर बहुधा चालू आणि मागच्या मॉडेल वर्षाला असतात, त्याहून जुनं वर्ष यादीतून गळतं. नवा ट्रक कमी व्याजात आणि जुना सात-आठ टक्क्यांनी. सहा वर्षांच्या हप्त्यात ही तफावत मांडली, तर पाच हजारांची सूट हवेत विरून जाते. तुमचे ५८ अपमानास्पद नव्हते, जवळपास बरोबर होते.

बाकी मला एक सांगा, तो ट्रक नेमका कसा आहे? कॅब (बसायचा भाग), बेड (मागचा हौदा), रंग, टू-व्हील की फोर-व्हील?

चौथागिअर

क्रू कॅब (चार दारांची), छोटा बेड, वरची ट्रिम, म्हणजे महागडी आवृत्ती. रंग म्हणाल तर तपकिरी आणि हिरवा यांच्या मधला काहीतरी. आणि हो, टू-व्हील ड्राइव्ह.

मीरा_टेक्सास

ओहायोत टू-व्हील ड्राइव्ह! आत चामड्याची सीट, वर काचेचं छप्पर, आणि पहिल्या बर्फात मागची चाकं जागच्या जागी फिरणार. आमच्याकडे तो महिन्याभरात गेला असता. कारखाना-बिरखाना बाजूला ठेवा, ऑर्डर देताना कुणाचा तरी हात चुकलाय.

चौथागिअर

ऑर्डर देताना चुकला की पाठवताना? वाटपात मिळालेला माल डीलर नेहमी निवडून घेत नाही.

स्पॅनरमामा

नमस्कार मंडळी. अठरा वर्षं सर्व्हिसच्या बाजूला काढली, सेल्सच्या काचेच्या खोलीत कधी बसलो नाही. तुमच्या चर्चेत एक साधं कारण सुटलंय. काही ट्रक विकायचे नाहीत म्हणून नव्हे, विकता येत नाहीत म्हणून उभे असतात.

नव्या गाडीवर सेफ्टी रिकॉल (सुरक्षेतल्या दोषासाठी कंपनीनं काढलेली दुरुस्ती) लागू असेल तर दुरुस्ती होईपर्यंत डीलरनं ती गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणं कायद्यानं मना आहे. दुरुस्तीचा भाग आलाच नाही तर? ट्रक मागच्या कुंपणाशी. मी असे सहा-सहा महिने थांबलेले बघितलेत. भाग येईपर्यंत पुढचं मॉडेल आलेलं असतं, आणि मग सगळे विचारतात 'याला काय झालंय?' एकदा ट्रक मागे गेला की त्याचा चेहरा पडतो. सेल्समन तिकडे गिऱ्हाइकाला नेतच नाही.

घ्यायचाच असेल तर काचेखालचा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: २०२४ला 'आर', २०२५ला 'एस', २०२६ला 'टी'. तोच नंबर एनएचटीएसए या अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाका, दुरुस्त न झालेले रिकॉल दिसतील. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ट्रक एकाच जागी उभा असेल तर टायर एका बाजूनं चपटे झालेत का, हे थोडं चालवून बघा. बॅटरी नवी मागा, ही अट सोडू नका, कारण पूर्ण उतरून पुन्हा चार्ज केलेली बॅटरी पहिल्या थंडीत दगा देते. बॉनेट उघडून उंदरानं घरटं केलंय का ते बघा. हसू नका. वायरिंगचं काम हजारांत जातं.

वॉरंटी गाडी पहिल्यांदा विकल्याच्या किंवा वापरात आणल्याच्या तारखेपासून धरतात, बनल्याच्या नाही, हे डीलर आवर्जून सांगेल आणि ते खरंही आहे. पण महिन्याचं उद्दिष्ट भरायला काही ठिकाणी ट्रक कागदोपत्री 'विकला' असं दाखवतात आणि मग डेमो, म्हणजे गिऱ्हाइकांना चालवून दाखवायची गाडी, म्हणून ठेवतात. तसं झालं असेल तर वॉरंटीचं घड्याळ कधीच चालू झालेलं असतं. ती तारीख लेखी मागा.

शंकेखोर

मामांचा मुद्दा कामाचा आहे, पण तो एकेका ट्रकचा झाला. रांगाच्या रांगा उभ्या राहतात तेव्हा कारण वरच असतं. चिपांच्या काळात फोर्डनं अर्धवट ट्रक केंटकी स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकच्या मैदानावर हजारोंनी उभे केले होते. त्या वेळी सगळ्या कंपन्यांना कळलं की माल कमी असला तर सूट न देता विकतो आणि नफा वाढतो. मग पुरवठा सुरळीत झाला आणि काहींना हा धडा आठवला, काहींना नाही. जीप आणि रॅम बनवणाऱ्या स्टेलांटिसच्या अमेरिकन डीलरांच्या मंडळानं सप्टेंबर २०२४मध्ये सीईओ कार्लोस टॅव्हारेस यांना उघड पत्र लिहिलं, त्यात साठून राहिलेला माल ही मोठी तक्रार होती. १ डिसेंबरला टॅव्हारेस यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी टोयोटाच्या डीलरांकडे माल पुरत नव्हता. डीलरांची पद्धत तीच, कायदे तेच, व्याजाचा दर तोच. मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

हिशेबनीस

पत्र लिहिणारे डीलर २०२२मध्ये गप्प का होते, तेही विचारा.

जुनंतेसोनं

सगळेच जुन्या सालाला ओझं समजताय. कधी कधी डीलर मुद्दाम धरून ठेवतो आणि ते बरोबरही ठरतं. रॅम १५०० या पिकअपमधून २०२५ मॉडेलला हेमी नावाचं आठ सिलिंडरचं (व्ही-८) इंजिन गेलं, जागी सहा सिलिंडरचं टर्बो आलं. २०२४चा हेमीवाला कोरा ट्रक ज्याच्याकडे होता, तो कशाला भाव उतरवेल? आवाजासाठी लोक घेतात हो. (मीही घेतला. बायकोला अजून इंजिनातला फरक कळलेला नाही, हप्ता तेवढा कळतो.)

एप्रिल २०२५मध्ये बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के शुल्क लागलं, तेव्हाही तेच झालं. मेक्सिकोत बनणारे पिकअप काही कमी नाहीत. ज्यांच्या लॉटवर शुल्काआधीचा माल होता, त्यांतल्या काहींनी सूट काढून घेतली. जुना माल म्हणजे त्या दिवसांत सोनं.

मीरा_टेक्सास

आणि जून २०२५मध्ये रॅमनं जाहीर केलं की २०२६ला हेमी परत येतोय. 'शेवटचा हेमी' म्हणून धरून बसलेल्यांचं मग काय झालं, तेही लिहा की!

जुनंतेसोनं

ताई, तो दुखरा विषय आहे.

मीरा_टेक्सास

बरं, कामाचं सांगते. चौथागिअर, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जा. तुमच्यामुळे नाही, ठेकेदारांमुळे. मालासकट कमाल वजन ६,००० पौंडांवर ठरवलेला ट्रक धंद्यासाठी घेतला आणि ३१ डिसेंबरच्या आत वापरात आणला, तर अमेरिकेच्या आयकर कायद्याच्या कलम १७९खाली करात मोठी वजावट मिळते. छपरं घालणारे, नळवाले, सगळे तेव्हा येतात आणि त्यांना रंगाशी देणंघेणं नसतं. तेव्हाही तो तिथंच उभा राहिला, तर डीलर वर्षाअखेरीला नरम पडेल.

हिशेबनीस

नरम पडणार नाही. तुमच्यापैकी कुणी सेल्स मॅनेजर बघितलेला दिसत नाही.

चौथागिअर

ताजी खबर. मामांचं ऐकून काल व्हिन नंबर घ्यायला गेलो. जागा रिकामी! मनात म्हटलं, गेला एखाद्या छपरवाल्याकडे. सेल्समनला विचारलं, किती दिलं त्यानं? तो म्हणाला, विकला नाही, आमच्याच मालकाच्या दुसऱ्या डीलरशिपला पाठवला, तिकडे मागणी आहे म्हणे.

पहिल्या भेटीत स्टिकरचा फोटो काढला होता, व्हिन त्यावर होताच. घरी येऊन शोधला. नव्वद मैलांवर सापडला, तोही ओहायोतच. रिकॉल एक होता, उन्हाळ्यात दुरुस्त झालाय, म्हणजे मामांना अर्धे गुण. फोटो ताजे, ट्रक धुतलेला, 'नुकताच दाखल' अशी पट्टी. भाव ६९,४००.

हिशेबनीस

तिकडच्या मॅनेजरच्या वहीत आता तो पहिल्या दिवसाचा ट्रक. वय शून्य.

चौथागिअर

आणि मूळ कर्ज?

हिशेबनीस

ते तिथंच. व्याजाला पत्ता बदललेला कळतो.

स्पॅनरमामा

बॅटरी बदलली का ते विचारा आधी.