तिकीट सर्व्हरवर आहे, फोन बंद आहे, दंड माझ्या माथी. हे बरोबर आहे का? (मुंबईची ई-तिकिटं)

सायडिंगवाला
8 ऑक्टोबर 2025 ला मुंबई वन अॅप आलं. लोकल, बेस्ट, तिन्ही मेट्रो, मोनो, नवी मुंबई मेट्रो, ठाणे, मीरा भाईंदर, कल्याण डोंबिवली, नवी मुंबईच्या बसेस, अशा अकरा यंत्रणा एका अॅपात. चांगलंच आहे, मी काही जुनं ते सोनं गटातला नाही, पास पण मोबाइलवरच काढतो. पण तेव्हापासून ऑफिसात, गाडीत, सगळीकडे एकच ऐकतोय की आता खिडक्या बंद करा, रोकड बंद करा, सगळं डिजिटल करून टाका. इथे माझी गाडी अडते.

माझा मुद्दा सोयीचा नाहीच. यंत्रणा बिघडली तर भुर्दंड कोणी भरायचा, हा आहे. लोकलमध्ये मोबाइल तिकीट असेल आणि टीसी आल्यावर फोन बंद पडला असेल तर नियमानं तुम्ही विनातिकीट. भाडं अधिक किमान 250 रुपये. पैसे रेल्वेला पोचलेत, तिकीट रेल्वेच्याच सर्व्हरवर पडलंय, पण सिद्ध मी करायचं, माझ्या बॅटरीवर, माझ्या नेटपॅकवर, आणि ते सुद्धा दादरच्या गर्दीत एक हात वर कडीला असताना. स्क्रीनशॉट चालत नाही (ते ठीक, कोणीही एडिट करेल). माझं म्हणणं एवढंच की टीसीनं मोबाइल नंबर टाकून तिकीट शोधणं हा प्रवाशाचा हक्क होत नाही, तोवर रोकडीची एकही खिडकी बंद करू नका.

फास्टट्रॅक_मुलुंड
साहेब, रांग विसरलात वाटतं. पहिल्या तारखेला पास काढायला लोक अर्धा तास आधी घरून निघायचे. कुपनं आठवतात का? ती सीव्हीएम मशीनमध्ये घालून छाप मारायची, शाई संपलेली असायची, मग टीसी म्हणणार तारीख दिसत नाही. एरवी लांब जायला नको म्हणून जनसाधारणवाल्याकडे (रेल्वेनं नेमलेला खाजगी तिकीट एजंट) एक-दोन रुपये जादा देऊन तिकीट घ्यायचो. आणि मुख्य म्हणजे कागदी तिकीट खिशातून पडलं तर टीसी सोडत होता का? तेव्हा पण दंडच व्हायचा. मग फोनचीच एवढी कणव कशाला? चार्ज करून निघा.

सायडिंगवाला
@फास्टट्रॅक_मुलुंड कागदी तिकीट हरवलं तर ते माझं होतं हे जगात कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे टीसीचा नाइलाज समजू शकतो. मोबाइल तिकिटाला नंबर, वेळ, स्टेशन, सगळी नोंद आहे. नोंद असूनही बघायची नाही आणि पावती फाडायची, हा नाइलाज नाही, आळस आहे. डिजिटलचा फायदा दोघांना झाला पाहिजे ना, का फक्त छपाईचा कागद वाचला म्हणून टाळ्या वाजवायच्या?

ठाणेकर_काकू
मला दोघांचं पटतं आणि दोघांचं नाही. आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंकडे बटणांचा फोन आहे. त्यांना दिव्याहून यायचं असतं, द्वितीय वर्गाचं तिकीट, हातात दहाची नोट. त्यांनी कुठलं अॅप उतरवायचं? त्या एटीव्हीएमवर, म्हणजे स्टेशनातल्या तिकिटाच्या मशीनवर, जातात. तिथे रेल्वेतून रिटायर झालेले एक काका उभे असतात, स्वतःचं कार्ड लावतात, स्क्रीनवर तीन टिचक्या, तिकीट बाहेर, पैसे रोख. गाडी फलाटावर शिरायच्या आत चारपाच जणांना वाटेला लावतात. म्हणायला मशीन स्वयंचलित आणि रांग सरकते ती काकांमुळे. हे काका काढा आणि मग बघा तुमचं डिजिटल किती फास्ट चालतंय.

एक_रिटर्न
बेस्टचं बोला की कोणीतरी, सगळे लोकलवर घसरलात. मे 2025 मध्ये साध्या बसचं कमीत कमी भाडं 5 चं 10 झालं आणि एसीचं 6 चं 12. बारा रुपये!! कंडक्टर दोन रुपये सुट्टे आणणार कुठून? वीसची नोट दिली की तो तोंड वाकडं करतो, आपण पण करतो, मागचा म्हणतो अहो पुढे सरका. यूपीआय किंवा कार्ड आल्यावर निदान हे भांडण मिटलं. माझं मत, बसमध्ये रोकड बंद झाली तरी चालेल, लोकलमध्ये नको. उलटं वाटेल, पण बसमध्ये कंडक्टर तरी असतो, अडला तर बोलता येतं. लोकलमध्ये कोणाशी बोलणार.

फास्टट्रॅक_मुलुंड
कंडक्टर असतो?? कुठल्या जमान्यात आहात. बऱ्याच भाडेतत्त्वावरच्या बसमध्ये फक्त ड्रायव्हर असतो, तिकीट खाली स्टॉपवर. आणि गेटवे ते चर्चगेट टॅप इन टॅप आउटवाली पूर्ण डिजिटल बस तर एप्रिल 2022 लाच चालू झाली. चढताना टॅप, उतरताना टॅप, कोणी मेलं नाही.

कोडवडा
मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिकिटाच्या नाही, पण थोडं आतलं सांगतो कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये.

लोकलचं मोबाइल तिकीट रुळांच्या अगदी जवळ किंवा गाडीत बसून काढता येत नाही, जीपीएस अडवतं. कारण सरळ आहे, नाहीतर टीसी दिसला की तिकीट काढणार आणि नाही दिसला की फुकट. लांबून काढायची किमीची मर्यादा 2024 मध्ये उठवली, आता घरी सोफ्यावर बसून काढा. पण रुळांजवळची अट आहेच, आणि ती पाहिजेच. स्टेशनात स्कॅन करून तिकीट काढायला क्यूआर चिकटवले होते ते याच अटीला वळसा होता, त्याचे फोटो लोकांनी फोनमध्ये ठेवले आणि गाडीत बसून स्कॅन करायला लागले. म्हणजे प्रवासी पण काही धुतल्या तांदळाचे नाहीत, सायडिंगवाले.

दुसरं, ते नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, मेट्रो आणि बसला टॅप करायचं बँकेचं कार्ड. यात पैसे कार्डाच्या चिपमध्ये असतात, 2000 पर्यंत, पिन नाही, नेट लागत नाही, म्हणून गेट पटकन उघडतं. आता गंमत बघा. तुम्ही अॅपवरून 500 भरले तर ते चिपमध्ये जात नाहीत, जाणार कसे, कार्ड तुमच्या पाकिटात आहे. ते बँकेकडे लटकून राहतात. स्टेशनवर जाऊन मशीनला कार्ड लावून बॅलन्स अपडेट करावा लागतो तेव्हा उतरतात. हे कोणी सांगत नाही. माणूस पैसे कापल्याचा मेसेज घेऊन गेटवर जातो, लाल दिवा लागतो, मागे रांग, आणि त्याला वाटतं पैसे बुडाले. आणि कार्ड हरवलं तर चिपमधले गेलेच समजा, पाकिटातली नोट हरवावी तसं.

तेव्हा बिघाडाचा भुर्दंड प्रवाशावर पडतो हे खरं आहे, पण त्यावर उपाय खिडकी नाही. यंत्रणाच नीट करा.

सायडिंगवाला
@कोडवडा मग ती नीट होईपर्यंत ताईंनी चालत यायचं का दिव्याहून?

बंड्या_लंडनवाला
बाहेरचा माणूस म्हणून बोलतो, शिव्या घालू नका. इथे लंडनच्या बसमध्ये रोकड जुलै 2014 पासून पूर्ण बंद आहे. ऑयस्टर कार्ड (इथलं पैसे भरून टॅप करायचं प्रवासाचं कार्ड) 2003 चं, बँकेचं कार्ड बसवर टॅप करायला 2012 पासून. तेव्हा पण हीच ओरड झाली होती, म्हाताऱ्यांचं काय, गरिबांचं काय. पण बंद केली तोवर रोखीनं चढणारे एक टक्क्याच्या आसपास उरले होते. आणि बंद करताना एक सोय दिली, ऑयस्टरमध्ये पैसे कमी पडले तरी एक फेरी करू देतात, कार्ड उणे जातं, पुढच्या टॉपअपला वळतं होतं. शेवटच्या बसला माणूस रस्त्यावर राहू नये म्हणून. मुंबईत कोणी असं ठेवलंय का?

एक_रिटर्न
@बंड्या_लंडनवाला अरे तुमच्या ट्यूबला, म्हणजे लंडनच्या मेट्रोला, बहुतेक ठिकाणी गेट आहेत. आमच्या लोकलला आहेत का? रोजचे सत्तर लाखांच्या वर लोक, ज्याला वाटेल तो पुलावरून चढतो आणि उतरतो. कुर्ल्याला संध्याकाळी साडेसहाला गेट लावून दाखवा, चेंगराचेंगरी होईल. म्हणून आमच्याकडे सगळा कारभार टीसीवर आणि दंडावर. तिथून प्रवाशावर संशय घ्यायची सवय लागते. ऑयस्टर उचलून आणलं तर ते मेट्रोत चालेल, लोकलमध्ये टॅप कशाला करणार, खांबाला?

फास्टट्रॅक_मुलुंड
हे मात्र खरंय. आणि एका कार्डाचं स्वप्न पहिल्यांदा पडत नाहीये, गो मुंबई कार्ड आठवतंय का? लोकल आणि बेस्ट एकाच कार्डावर. कुठे गेलं ते.

तरी मी माझ्या मतावर ठाम. खिडकीवर माणूस बसवायचा पगार शेवटी आपल्याच खिशातून जातो. द्वितीय वर्गाचं तिकीट पाच रुपयांपासून, त्यासाठी कागद, शाई, खिडकी, माणूस, हिशोब, परवडतं का?

सायडिंगवाला
पाच रुपयांच्या तिकिटावर कुणीच पैसे कमवत नाही हो, लोकल त्यासाठी चालतच नाही. परवडतं का विचारायचं तर आधी गाडीच बंद करावी लागेल.

बंड्याचं ते उणे जाणं मला फार आवडलं. तिकडे सिस्टीम म्हणते, असू दे, आज चढ, उद्या बघू. इथे भुयारी मेट्रो चालू झाली तेव्हा खाली मोबाइलला रेंज नाही म्हणून पेपरात बोंब होती, आणि आपण म्हणत होतो तिकीट वरूनच काढून जा. म्हणजे परत जबाबदारी कोणाची, माझी.

कोडवडा
उणे बॅलन्सला एक अडचण आहे, चिपमधले पैसे बँकेच्या नियमात येतात, उणे गेलं की ते कर्ज झालं. ऑयस्टरला सोपं होतं कारण कार्डही वाहतूकवाल्यांचंच. पण टीसीच्या हातातल्या मशीनवर नंबर टाकून तिकीट शोधणं हे तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. नंबरवर ओटीपी नको, फोनच बंद आहे, त्याऐवजी नाव आणि वय विचारा.

फास्टट्रॅक_मुलुंड
चला, तडजोड सांगतो. नंबर शोधायची सक्ती टीसीवर करा, मला मान्य. पण रोकडीच्या खिडक्या स्टेशनला सातआठ नकोत, दोन ठेवा. उरलेला स्टाफ गाड्यांत सोडा, फर्स्ट क्लासमध्ये सेकंडवाले घुसतात ते तरी कमी होतील.

सायडिंगवाला
दोन चालतील. कुठे, ते काकूंना विचारा.

ठाणेकर_काकू
एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दोन्ही एकाच बाजूला ठेवून गुडघेवाल्यांना पूल चढायला लावू नका, बाकी तुमचं चालू द्या.