‘कोर्टमार्शल झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

खानापूर:
आमच्या पाहुण्यांचा मुलगा पलटणीत आहे. आई आजारी म्हणून रजेवर आला आणि रजा संपली तरी काही दिवस घरीच राहिला. परत गेल्यावर सीओसाहेबांपुढे (कमांडिंग ऑफिसरपुढे) पेशी झाली आणि लाईनच्या, म्हणजे बराकींच्या, बाहेर जायचं नाही अशी काही दिवसांची शिक्षा मिळाली. आता गावात सगळे ‘त्याचं कोर्टमार्शल झालं’ म्हणालेत. एक-दोघं ‘भगोडा’ही म्हणतात. नोकरी गेली असं वाटून आईनं अन्न सोडलंय. वर एकानं सांगितलं, फौजीला घटनेचे हक्क लागूच नसतात, दाद कुठं मागणार? यातले कुठले शब्द बरोबर आहेत? जाणकारांनी सांगावं.

चिकोडी:
कोर्टमार्शल म्हणजे लष्करी न्यायालय. ‘सेना न्यायालय’ हिंदीत चालतं. मराठीत ‘तो’ आणि ‘ते’ कोर्टमार्शल, दोन्ही ऐकलंय.

येळ्ळूर, निवृत्त सुभेदार:
ताई, आधी त्या माऊलीला सांगा, पोराचं कोर्टमार्शल झालेलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही कलम ८० ची शिक्षा दिसते. आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या या कलमाखाली कमांडिंग ऑफिसर जवानाला कोर्टाशिवाय, थेट पेशीतच शिक्षा देऊ शकतो, आणि लाईनमध्ये अटकाव असेल तर तो जास्तीत जास्त २८ दिवसांचा. आम्ही याला नुसतं ‘पेशी’ म्हणायचो. टोपी-बेल्ट काढून आत मार्च करायचं, आरोप ऐकायचा, बोलायचं ते बोलायचं. ‘बोलायचं’ हे महत्त्वाचं. आर्मी नियम २२ प्रमाणे आरोप जवानाच्या समोरच ऐकला जातो. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची आणि आपले साक्षीदार बोलवायची त्याला पूर्ण मुभा असते. पोरं घाबरतात, ‘हां साब’ म्हणून मोकळी होतात, आणि आईच्या आजारपणाचा कागद खिशातच राहतो. हे मी पुष्कळदा बघितलंय आणि दर वेळी जीव तुटलाय.

दुसरा शब्द ‘लाल शाई’. काही शिक्षा शीटरोलवर, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदीत, लाल शाईनं लिहितात. ‘चार लाल झाल्या की घरी’ असं आपल्याकडं पक्कं समजतात, पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की चार नोंदी झाल्या म्हणून आपोआप घरी पाठवता येत नाही. नोकरी किती झाली, कुठं कठीण जागी काढली, हेही बघावं लागतं.

बेळगाव, वकील:
सुभेदार काकांनी पेशीचं सांगितलंच आहे. मी ‘कोर्टमार्शल’ आणि ‘हक्क नाहीत’ या दोन्हींवर लिहितो.

आपण ‘कोर्टमार्शल झालं’ म्हणतो तेव्हा शिक्षा झाली असंच समजतो. प्रत्यक्षात तो खटला आहे, त्यातून माणूस निर्दोषही सुटतो. त्याचे चार प्रकार आहेत: जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी जनरल आणि समरी. जनरलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात, डिस्ट्रिक्टमध्ये किमान तीन. समरीमध्ये कमांडिंग ऑफिसर हाच एकटा न्यायालय असतो. दोघं आणखी हजर असतात, पण त्यांना मत नसतं. जवान, नाईक, हवालदार यांच्यावर हा चालतो, सुभेदारांवर नाही. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा असेल तर वर्षभरापर्यंत कैद सुनावू शकतो. तिथं आरोपीला मदतनीस घेता येतो. त्याला ‘आरोपीचा मित्र’ म्हणतात, म्हणून घरचे समजतात की पलटणीतला दोस्तच बसवायचा. तसं नाही, वकीलही चालतो. फक्त त्यानं स्वतः बोलायचं नसतं. आरोपीला सल्ला द्यायचा, प्रश्न सुचवायचे, एवढंच.

आता हक्क. घटनेचं कलम ३३ म्हणतं की मूलभूत हक्क सैन्याला किती लागू करायचे, किती आवळायचे किंवा काढून घ्यायचे, हे संसद कायद्यानं ठरवेल. कारणंही तिथंच दिली आहेत: कर्तव्य नीट बजावलं जावं आणि शिस्त राहावी. ‘संसद’ आणि ‘कायद्यानं’ या दोन शब्दांवर माझा सगळा भर आहे. एखाद्या साहेबाच्या मनात आलं म्हणून हक्क जात नाही. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २१ नं तीन गोष्टींवर बंधनं घालायची वाट दिली: संघटनेत जाणं, सभा-मोर्चा आणि वर्तमानपत्रांशी बोलणं. एरवी पोलिसांनी धरलेल्याला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेतात. सैन्यात त्याऐवजी ४८ तासांत कमांडिंग ऑफिसरनं चौकशी सुरू करायची, नाहीतर ती का शक्य झाली नाही याचं कारण हवं. हक्क इथं आवळला आहे, नाहीसा झालेला नाही. १९८२ च्या पृथीपाल सिंग बेदी निकालात सर्वोच्च न्यायालयानं सैनिक हाही याच घटनेखालचा नागरिक आहे असं बजावलं आणि अपिलाची सोय नाही यावर बोट ठेवलं. २००७ चा कायदा झाला आणि २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण चालू झालं, तेव्हा ती सोय आली. समरीमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली असेल तर तिथं जाता येतं. घटनेच्या २२६ कलमाखाली उच्च न्यायालयाचं दारही बंद नाही. शिवाय कोर्टमार्शलच्या शिक्षेत माफी द्यायचा अधिकार कलम ७२ मध्ये राष्ट्रपतींकडे आहे.

खानापूर:
लई आधार झाला. ‘भगोडा’चं राहिलं. आम्ही त्याच्या वतीनं अर्ज लिहालोय, त्यात ‘मुलगा पलटणीतून पळून आला होता, माफ करावे’ असं घातलंय.

बेळगाव, वकील:
ताई, ते वाक्य आधी खोडा! ‘पळून आला’ म्हणजे परत न जाण्याचा हेतू होता असा अर्थ निघतो. तो कलम ३८ चा गुन्हा, डेझर्शन. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि युद्धसेवेवर असेल तर मृत्युदंडापर्यंत जाऊ शकतं. तुमच्या मुलाचं प्रकरण कलम ३९ चं, बिनरजा गैरहजेरी, जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि त्याला तर पेशीतच शिक्षा देऊन विषय मिटवलाय. तीस दिवस गैरहजर राहिलं की चौकशी बसते, त्यानंतरही जवान हजर झाला नाही किंवा सापडला नाही तर त्याला डेझर्टर धरतात. तुमचा मुलगा स्वतः हजर झालाय. आपल्या भागातून येणाऱ्या कितीतरी अर्जांत घरचेच मायेपोटी, गयावया करत ‘पळून आला’, ‘फरार झाला’ लिहितात आणि समोरच्याच्या हाती पुरावा देतात. याचं मला फार वाईट वाटतं.

असं लिहा: ‘आईच्या आजारपणामुळे रजेनंतर वेळेत हजर होऊ शकला नाही, नंतर स्वतःहून हजर झाला.’ दवाखान्याचे कागद तारखेनुसार जोडा. रजेत मुदतवाढ मागायला फोन किंवा मेसेज केला असेल तर तोही. पाठवण्याआधी अर्ज एकदा मुलाला वाचून दाखवा, कारण पेशीत तो काय बोलला त्याच्याशी तो जुळायला हवा.

येळ्ळूर, निवृत्त सुभेदार:
आणि ‘भगोडा’ म्हणणाऱ्यांना माझा नंबर द्या. मी बोलतो त्यांच्याशी.