मागचा घूं-घूं आवाज जाड ऑइल ओतून दाबायचा का?

पद्मिनी_८८ (धागाकर्ता)
परवाच्या जुन्या गाड्यांच्या चर्चेत 'निवांत' यांनी लिहिलं, "मागच्या अ‍ॅक्सलचा आवाज म्हणजे म्हाताऱ्या गाडीचं घोरणं. १४० नंबर ऑइल ओता आणि विसरा. क्राऊन-पिनियन उघडला की गाडी कायमची गेली." खाली तिघांचं +१. (क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी. लहान पिनियन, म्हणजे टेल पिनियन, मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि त्यातून मागची चाकं फिरतात.) दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आमची फियाट १९८८ ची. बाबांनी घेतली, आता मी चालवतो. गेल्या पावसाळ्यात पन्नास-साठच्या वेगाला मागून बारीक शीळ ऐकू यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढायची, पाय काढला की बंद. गॅरेजवाल्याने मला न विचारता ९० नंबर ऑइलच्या जागी जाड १४० भरलं. आवाज दबला आणि मीही खूश झालो. चार महिन्यांनी पाय काढल्यावरही तोच आवाज, शिवाय गिअर टाकताना मागे 'टक'. उघडलं तेव्हा टेल पिनियनच्या बेअरिंगचे रोलर खड्डे पडून खरखरीत झाले होते. त्या ढिलाईत पिनियन हलत राहिला आणि क्राऊनचे दातही खाल्ले गेले. वेळेत उघडलं असतं तर दोन बेअरिंग आणि एक ऑइल सील एवढ्यावर भागलं असतं. आता पूर्ण जोडी बदलावी लागली, आणि ती शोधण्यात दीड महिना गाडी ठोकळ्यांवर होती.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एक जुना, एक नवा असं चालत नाही. म्हणून आवाज लहान असतानाच कान द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

निवांत
माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी अनुभवाने बोलतो. माझी अ‍ॅम्बेसेडर याच आवाजासह चाळीस हजार किलोमीटर चालली. मग तुमच्यासारख्याच एका हितचिंतकाचं ऐकून ती उघडायला दिली. शहरातलं मोठं गॅरेज. त्या पोराने शिमा (दातांमधलं अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) काढून एका वाटीत टाकल्या, कुठली कुठे होती याची नोंद नाही, आणि अंदाजाने परत बसवल्या. तीन हजार किलोमीटरमध्ये दात तुटला. तुमचं बेअरिंग खराब होतं, मान्य. माझं चांगलं होतं आणि उघडल्यामुळे गेलं, त्याचं काय?

घाटमाथा
निवांत, तुम्ही नशीबवान. आमच्या काकांची वडापची जीप होती. महिनाभर मागून आवाज येत होता. काका म्हणायचे, "भरल्या गाडीला आवाज येणारच." कुंभार्ली घाट उतरताना पिनियनचं बेअरिंग अडकलं आणि मागची दोन्ही चाकं जागीच बसली. गाडी कठड्याला टेकून थांबली. आत नऊ माणसं होती. त्या दिवसापासून 'घोरणं' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

निवांत
माणसं भरून घाटात जीप चालवणं आणि माझं रविवारी बाजारात जाऊन येणं एकच आहे का? उगाच घाबरवू नका लोकांना.

स्पॅनर_सोळा
वडिलांचं गॅरेज पस्तीस वर्षं होतं, म्हणून बोलतो. उघडायचं की नाही यावर भांडताय, पण आवाज कुठला हे आधी कोणी बघितलं का?

सपाट रस्त्यावर साठला जा. पाय दाबून, पाय काढून आणि न्यूट्रलमध्ये, असं तीनदा ऐका. दाब बदलला की आवाज बदलत असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघा, कारण वजन तिकडे जातं. फक्त वळतानाच कटकट असेल तर डिफरन्शियलमधले, म्हणजे क्राऊन-पिनियनच्या त्याच डब्यातले, छोटे गिअर. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूरच बदलला तर टायर. पिनियन चाकाच्या साधारण चौपट फिरतो, म्हणून त्याच्या बेअरिंगचा सूर चाकाच्या बेअरिंगपेक्षा बारीक असतो. आणि 'टक' आला म्हणून थेट डिफरन्शियल उतरवू नका, आधी प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा.

आता निवांत यांच्या 'पोरा'बद्दल. वडील दातांना शेंदूर लावून क्राऊन हाताने फिरवायचे. ठसा दाताच्या मध्यावर येईपर्यंत शीम बदलायची. दातांमधली मोकळीक साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर, तीही डायल गेज लावून. यात दोन दिवस जायचे. गिऱ्हाईक मजुरी ऐकायचं आणि म्हणायचं, "शेजारचा एका दिवसात देतो." तुम्ही त्या पोराला किती मजुरी दिली होती?

निवांत
मागितली तेवढी. मजुरी कमी म्हणून काम वाईट करायचं, ही कुठली रीत?

स्पॅनर_सोळा
वाईट कामाची बाजू घेतच नाही. पण त्या पोराला शिकवणार कोण? माझ्या वडिलांच्या हाताखाली सहा जण तयार झाले. एकाच्याही मुलाने पाना हातात घेतला नाही. मीही नाही घेतला, बँकेत लागलो. कारण लोक सहाशेच्या पिझ्झ्यावर घासाघीस करत नाहीत आणि दिवसभर गाडीखाली झोपलेल्या माणसाशी शंभर रुपयांवरून करतात. मग म्हणता, चांगले मेकॅनिक राहिले नाहीत.

ठाणे_वेस्ट
आणि जुनी गाडी ठेवावी तरी का? एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण ६०० वरून ५,००० वर गेलं. वर हरित कर. सरकारलाच या गाड्या नकोत.

पद्मिनी_८८
त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला.

स्पॅनर, तुमचं मजुरीचं बोलणं लागलं. मी स्वतः त्या दीड महिन्यात दोनदा मजुरी कमी करायला सांगितली होती. पण एक सांगा, न विचारता जाड ऑइल ओतणारा माणूसही कमी मजुरीमुळेच तसा झाला का? ते तर कष्ट टाळणं होतं.

स्पॅनर_सोळा
ते चूकच. आवाज दबवणं जुनी खोड आहे. विकायला काढलेल्या गाड्यांच्या हाउसिंगमधून (मागच्या अ‍ॅक्सलच्या कवचातून) वडिलांनी लाकडाचा भुसा काढलेला मी पाहिलाय. १४० ऑइल बारीक फटीतून हळू जातं, आणि पातळी कमी असेल तर पिनियनचं पुढचं बेअरिंग सर्वांत आधी कोरडं पडतं. जीएल-५ दर्जाचं (गिअर ऑइलचा एक दर्जा) ९० नंबर, पातळी भरायच्या प्लगच्या काठाशी, हे पहिलं काम. हाउसिंगची श्वासनळीही साफ करा. ती तुंबली की सीलमधून ऑइल ब्रेकच्या लायनरवर येतं. आणि तेच जीएल-५ जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, आतल्या पितळी रिंगांना ते सोसेलच असं नाही.

निवांत यांचं एक मात्र खरं. वर्षानुवर्षं एकाच सुरात येणारा, न वाढणारा आवाज असेल तर मीही उघडणार नाही. वाढत असेल तर थांबणार नाही.

घाटमाथा
हे काकांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

निवांत
म्हणजे माझं अर्धं खरं ठरलं. अर्ध्यावर समाधान मानतो, पण गाडी कोणाच्या हातात देणार नाही. दुरुस्त करून घेतलेल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये अजून ते १४० च आहे. रविवारी स्वतः बदलतो आणि पातळी बघतो.

स्पॅनर_सोळा
बदला. जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या. बारीक राखाडी गाळ असेल तर चालेल. बोटाला टोचणारे तुकडे आले तर गाडी तिथेच ठेवा आणि मला लिहा. वडिलांच्या हाताखालचा एक माणूस अजून काम करतो, दोन दिवस घेतो आणि दोन दिवसांचेच पैसे मागतो. आणि खालचा प्लग सोडण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो गंजून बसला असेल तर ऑइल निघून जाईल आणि नवीन भरता येणार नाही.

निवांत
हे माहीत नव्हतं. वरचा आधी.