भा. रा. भागवत : तुमच्या सुट्टीत फाफे कुठून आला?

मुलांचे लाडके लेखक भा. रा. भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० चा. म्हणजे ऐन मे महिन्याच्या सुट्टीतला, आम्ही त्यांच्या पुस्तकांचा फडशा पाडत असू नेमका तेव्हाचा. २००१ साली ते गेले. त्यांचं पुस्तक तुमच्या हाती कसं पडलं, ते सांगा. दोन ओळी चालतील, आठवण मात्र स्वतःची हवी.

मीच सुरुवात करते. आमच्या वाचनालयात पुस्तक दिवसातून एकदाच बदलून मिळायचं. फास्टर फेणे, म्हणजे भागवतांच्या साहसकथांचा शाळकरी नायक, आमचा लाडका फाफे, निम्मा रस्त्यातच वाचून व्हायचा, उरलेला चहाच्या आत. मग आजीचं कार्ड घेऊन मी पुन्हा हजर. शिक्का मारता मारता ग्रंथपाल काका म्हणाले, "आजींना भलतीच साहसं आवडतात हो!" मी गंभीरपणे मान डोलावली. पुढच्या आठवड्यात आजी स्वतःच पोथी मागायला गेली, तर काकांनी न विचारता पुढचा फाफे तिच्यासमोर ठेवला. ती बिचारी काही न बोलता तो घेऊन आली. घरी आल्यावर बोलली, ते इथे लिहीत नाही.

* * *

ट्टॉक! फाफेसारखी जीभ टाळूला चिकटवून झटकन सोडायची. आमच्या वर्गात तो आवाज खणखणीत फक्त मला जमायचा. एकदा गणिताच्या तासाला जमला, उरलेला तास वर्गाबाहेर काढला.

* * *

फाफेचं फुरसुंगी हे गाव भागवतांनी रचलंय अशी माझी पक्की समजूत होती. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि हडपसरच्या पुढे पाटी दिसली. बसमध्ये मोठ्यानं "अरे!" म्हणालो. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढली.

* * *

माझे भागवत फाफेवाले नव्हेत, 'चंद्रावर स्वारी'वाले. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे मूळ लेखक ज्यूल व्हर्न आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कॉलेजात इंग्रजीतून व्हर्न वाचला तेव्हा वाटलं, भागवतांचं कुणीतरी बरं भाषांतर केलंय, पण मजा गेली.

* * *

थोडा विरोधी सूर लावतो. मुलाला २०१७ चा 'फास्टर फेणे' सिनेमा आवडला, म्हणून हौसेनं पुस्तक दिलं. अमेय वाघचा मोठा फाफे बघितलेल्याला पुस्तकातला हा शाळकरी बनेश फेणे पटेना. "फोन का नाही करत तो?" हा प्रश्न दर चार पानांनी. मी वाचून दाखवायला लागलो. तो झोपला, मी पुस्तक संपवूनच उठलो. आपण आपलं लहानपण मुलांच्या गळ्यात मारतो का, असंही वाटून गेलं.

* * *

इतक्या जणांनी लिहिलं आणि भागवतांच्याच बिपिन बुकलवारचं नाव कुणीच घेऊ नये? सायकल न येणाऱ्या, सदा पुस्तकात तोंड खुपसून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना तोच एक आधार होता. आई "बाहेर खेळायला जा" म्हणायची, तेव्हा मी त्याचा दाखला द्यायचे. चालायचा नाही, पण द्यायचे.