मदत हवी आहे: हूडची मागची खिडकी फाटली, पावसाच्या आत बदलायची आहे

चिंचबन (जिंतूर)
नमस्कार मंडळी. गाडीच्या हूडची मागची प्लॅस्टिकची खिडकी गेली. आधी पिवळी पडली, मग धुरकट झाली, आणि परवा पडदा वर गुंडाळताना खालच्या कोपऱ्यातून जी चिरली ती थेट मधापर्यंत. हूड मात्र ठणठणीत आहे, कापड कुठं विरलेलं नाही. मृग तोंडावर आलाय, सोयाबीनचं बियाणं आणायचंय आणि पिशव्या मागंच ठेवाव्या लागतात. ज्याला विचारावं तो म्हणतो पूर्ण हूड नवीन घ्या. मला फक्त खिडकी बदलायची आहे. कोणतं प्लॅस्टिक लावावं, कोण लावून देईल, घरी होण्यासारखं आहे का? जरा लवकर सांगा.

नांदेडी
गाडी कोणती? मॉडेल? फोटो टाका.

रानवाटा
एवढा विचार कशाला, कंपनीचा पार्ट मागवा. काउंटरवर चेसिस नंबर दिला की मागचा पडदा खिडकीसकट येतो. माझ्या थारला तसाच आणला. २०२० नंतरची थार आहे, आठ दिवसांत पार्ट हातात.

चिंचबन
जिप्सी आहे. फोटो चढत नाही, साईज मोठी आहे म्हणतंय.

नांदेडी
जिप्सी म्हटल्यावर रानवाटांचा मार्ग अवघड. गाडी २०१९ ला बंद झाली. आता सांगा, खिडकी कापडाला शिवलेली आहे, चेनने लागते की नुसती चिकटवलेली आहे? तिन्हींची कामं वेगळी. आणि हूड कंपनीचं आहे का?

जुनी_जीप (उदगीर)
भाऊ, माझ्याकडं एमएम ५४० होती, तिची तीन हूडं माझ्या डोळ्यांसमोर शिवली गेली. अनुभवाचं सांगतो, नुसती खिडकी बदलू नका. नवीन शीट ताठ असते, जुन्या कापडाला तिची ओढ झेपत नाही. खिडकी टिकते आणि तिच्या कडेनं कापड फाटतं. मग परत कुशनवाल्याच्या दारात. एकदाच काय ते पूर्ण हूड करून घ्या.

चिंचबन
हूड बाहेरून शिवून घेतलेलं आहे, आधीच्या मालकानं. कंपनीचं नाही. खिडकी शिवलेली आहे, चारही बाजूंनी. आणि काका, कापड खरंच चांगलं आहे, बोटानं ओढून बघितलं.

नांदेडी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. बाहेरचं हूड असेल तर कंपनीच्या पार्टचा विषयच संपला, मापच जुळणार नाही.

वाळूज_शिफ्ट
एमआयडीसीत कोल्ड रूमच्या दाराला त्या पारदर्शक पट्ट्या लटकवतात ना, त्याचं मटेरियल घ्या. २ एमएम जाड. आमच्या प्लांटवर फोर्कलिफ्ट दिवसभर त्यातून ये-जा करते, पट्टीला काही होत नाही. एकदा लावली की गाडी जाईल पण खिडकी जाणार नाही.

सुई_दाभण (जालना)
दोन एमएम अजिबात नको. माझं कुशनचंच काम आहे, वडिलांपासून. रिक्षाची हूडं, ट्रॅक्टरच्या छत्र्या, जीप, सगळं शिवतो. दोन एमएमची शीट पडद्याबरोबर गुंडाळली जात नाही, वजनानं पडदा खाली ओढते, आणि कोपऱ्यावर कापडाचा दुमड, पायपिंग आणि शीट असे थर एकत्र आले की सुई वाकते. पट्टी दाराला वरून लटकते, तिला घडी नसते. तुमच्या खिडकीला रोज घडी आहे.

पाऊण एमएम ते एक एमएम, एवढीच जाडी. मागताना "पारदर्शक पीव्हीसी, हूडसाठी, उन्हात टिकणारी" असं सांगा. डायनिंग टेबलावर अंथरायची शीट कुणी दाखवली तर घेऊ नका. दिसायला काचेसारखी असते, पण ती घरात वापरायची, आपल्याकडच्या उन्हात तिचं काही खरं नाही. शीट हातात घेऊन तिच्यातून लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचून बघा. अक्षरं हलली, लाटा दिसल्या तर गाडी मागं घेताना डोकं दुखणार.

वाळूज_शिफ्ट
दुकानात दोन एमएम शिवणारे आहेत हो. मशीन तशी हवी.

सुई_दाभण
मशीन आहे, दोन एमएम शिवता येतं. प्रश्न शिवण्याचा नाही, डिसेंबरच्या पहाटे ती घडी घालण्याचा आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. ऊन आणि उष्णतेनं तो हळूहळू निघून जातो, शीट पिवळी आणि कडक होते. मग गार हवेत घडी घातली की चिरते. जाड शीट आधीच वाकत नाही, ती तर आणखी लवकर जाईल.

लातूर_ते_डॅलस
मूळचा औशाचा, सध्या टेक्सासमध्ये. माझ्याकडं माझदा एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीची, १९९४ ची. तिलाही मागं प्लॅस्टिकचीच खिडकी, भोवती चेन. छत खाली करण्याआधी चेन उघडून खिडकी सपाट पाडायची, असाच नियम आहे. न उघडता छत पाडलं की प्लॅस्टिकला मधोमध घडी पडते आणि काही वर्षांत तिथंच तडा जातो. १९९८ नंतरच्या पिढीला खरी काच आली, तिची भानगड निराळी. काच कापडाला चिकटवलेली असते, गोंद सुटला की काच लटकते. ते शिवणाचं काम नव्हे.

इकडं पद्धत अशी की शीट उन्हात तापवून, मऊ करून शिवायची. गार हवेत शिवली तर उन्हाळ्यात शीट फुगते आणि खिडकी ढिली पडून लाटा येतात. तुम्ही भर दुपारी शिवून घ्या.

सुई_दाभण
दादा, तुमचं निम्मं बरोबर आहे. पण जिंतूरला दुपारी पारा चाळीसच्या वर असतो आणि काळ्या हूडवर हात ठेववत नाही. एवढ्या उन्हात शीट मऊ होऊन हातात ताणली जाते. ताणलेली शिवली की पहिल्या थंडीत आखडते आणि सगळी ओढ टाक्यांवर येते. आम्ही सकाळच्या कोवळ्या उन्हात अंथरतो, वळकटीच्या सुरकुत्या गेल्या की सावलीत आणून शिवतो.

जुनी_जीप
मी ओढच म्हणत होतो.

सुई_दाभण
काका, तुमची ओढ खरी, पण तिचं कारण कापड जुनं असणं एवढंच नाही. जास्त करून टाका बारीक घातल्यानं होतं. बारीक टाक्यानं भोकं जवळ जवळ पडतात आणि त्या ओळीवरच शीट फाटते, कापडही फाटतं. टाका चार-पाच मिलिमीटरचा हवा. दोरा पॉलिस्टरचा, जाड. सुती दोरा उन्हापावसात कुजतो. आणि पिना टोचायच्या नाहीत. कापडाचं भोक बुजतं, पीव्हीसीचं बुजत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून शीट जागेवर धरायची.

चिंचबन भाऊ, तुमच्यासाठी महत्त्वाचं सांगतो. जुनी खिडकी आधी कापून काढू देऊ नका. पुष्कळ जण घाईत तेच करतात. ती कापली की कापडाची चौकट सैल होते, कोपरे सरकतात, नवीन शीट कशीही मापून लावली तरी पडदा गाडीवर चढवताना एका बाजूला चेन लागत नाही. पडदा सपाट टेबलावर पसरा, नवीन शीट जुनीवरच टेपनं बसवा, जुन्या शिवणीच्या जरा आतून चारही बाजूंनी शिवा, आणि मग जुनी शीट आतून कात्रीनं काढा. चौकट जागची हलत नाही.

कडेचा दुमड एक इंच तरी ठेवा, दोन ओळी टाक्यांच्या. वरच्या कडेला कापड शीटच्या बाहेरून यावं, खालच्या कडेला शीट कापडाच्या बाहेरून. कौलं जशी एकावर एक येतात तसं, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता ओघळून जातं.

कागदपत्र
कायद्याचंही बघून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १००. मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार यायला हवा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली ती याच नियमाच्या आधारावर. स्मोक रंगाची शीट कुणी गळ्यात मारली तर घेऊ नका. कुणी हार्डटॉप बसवायचा सल्ला दिला तर तोही आरटीओला विचारल्याशिवाय नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो गाडीतला बदल धरला जाऊ शकतो. मॉडेल कितीचं आहे? १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण केलं का?

चिंचबन
२००९. नूतनीकरण झालंय. खिडकीचं चाललंय साहेब.

रानवाटा
हार्डटॉपचं मी लिहिणारच होतो. जिप्सीवर फायबरचं छत लई भारी दिसतं.

कागदपत्र
दिसतं. आरसीवर सॉफ्ट टॉप असेल तर पुढच्या तपासणीला उत्तर द्यावं लागतं.

शेतकरी_पाथरी
बियाण्याचं वाचून लिहितोय. पिशवी घरी आली की उगवण तपासा. १०० दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, सांजसकाळ पाणी शिंपडा. सातव्या-आठव्या दिवशी मोजा. ७० निघाले तर ठरलेलं प्रमाण पेरा, कमी निघाले तर त्या हिशेबानं वाढवा. सोयाबीनचं टरफल नाजूक, पिशव्या आपटू नका, एकावर एक उंच थप्पी नको. आणि पहिल्या सरीला भुलून चाड्यावर मूठ धरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. परभणी विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ आमच्याकडं चांगलं आलं.

नांदेडी
माहिती पक्की आहे, पण मामा, शेतीचा वेगळा धागा काढा ना. इथं हरवून जाईल.

चिंचबन
राहू द्या, मला कामाचंच आहे. सुई_दाभण, हे घरच्या शिलाई मशीनवर होईल का? बायकोकडं पायाची मशीन आहे. आणि तोवर फाटलेल्यावर काय चिकटवू? पाईपचं सोल्युशन घरात आहे, सिलिकॉनची ट्यूब आहे.

सुई_दाभण
सोल्युशन लावू नका. ते शीट वितळवतं, मग तो भाग कडक होऊन शेजारी नवा तडा जातो. सिलिकॉन या शीटला धरतच नाही, आठवड्यात पापुद्रा निघतो. साध्या पाण्यात सौम्य साबण घालून दोन्ही बाजू धुवा, पूर्ण वाळवा, चिरीच्या टोकाला छोटं गोल भोक पाडा म्हणजे ती पुढं सरकणार नाही, आणि आतून बाहेरून पारदर्शक टेप दाबून लावा. खोक्यांची ब्राऊन टेप नको, उन्हानं तिचा गोंद पाघळतो.

घरच्या मशीनचं म्हणाल तर दोन थर ओढेल, कोपऱ्यात अडकेल. शिवाय प्लॅस्टिक मशीनच्या पायाला चिकटतं, टाका पुढं सरकत नाही. त्यावर पातळ कागद ठेवून शिवतात आणि नंतर फाडून काढतात. पण पहिल्यांदा करणाऱ्यानं चुकीचं भोक पाडलं की शीट गेलीच. जिंतुरात किंवा परभणीला रिक्षाची हूडं शिवणारा कुणीही गाठा. कारच्या सीट कव्हरच्या चकचकीत दुकानात जाऊ नका, ते तयार माल बसवतात. पडदा गाडीवरून काढून घेऊन जा, गाडी न्यायची गरज नाही.

वाळूज_शिफ्ट
मग पॉलिकार्बोनेट? ते तर अजिबात फुटत नाही.

सुई_दाभण
शिवता येत नाही, गुंडाळता येत नाही. पडदा कायम खालीच ठेवायचा असेल तर स्क्रूनं बसवता येईल. चिंचबन भाऊ पडदा वर करतात.

लातूर_ते_डॅलस
सुई_दाभण, जुनी शीट ठेवून वरून शिवायची पद्धत मी लिहून घेतली. इकडच्या कारागिरानं माझी आधी कापली होती आणि डाव्या बाजूची चेन आजही ओढून लावावी लागते.

पैठणगेट
जिप्सी विकायची आहे का? कागद क्लिअर असतील तर सांगा.

चिंचबन
नाही.

मंडळी, काम झालं. परभणीला रिक्षाची हूडं शिवणारे एक चाचा सापडले. शीट एक एमएमची त्यांच्याकडंच होती, तिच्यातून समोरच्या मेडिकलची पाटी वाचून घेतली. जुनी आधी कापू नका म्हटलं तर ते म्हणाले, कापतं कोण, आम्ही तसंच करतो. टाका मोठा, दोरा काळा पॉलिस्टर. मजुरी शीटपेक्षा जास्त लागली, पण पूर्ण हूडच्या मानानं काहीच नाही. घरी येऊन पाईपनं पाणी मारून बघितलं. वरून थेंब नाही. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं चेन संपते तिथं, ओल येते.

सुई_दाभण
तो कोपरा चेनचा आहे, शिवणीचा नाही. तरी आतून टाक्यांवर मेणबत्तीचं मेण घासा आणि केसांच्या ड्रायरनं हलकं गरम करा, भोकं भरतात. ड्रायर शीटवर धरू नका, कापडाकडून धरा. चेनच्या टोकावर आतून कापडाची जीभ शिवून घ्या, चार बोटांची पुरते. आणि शीट कोरड्या फडक्यानं कधीच पुसू नका. आधी पाणी ओतून धूळ उतरवायची, मग ओल्या मऊ कापडानं. पेट्रोल, थिनर, काचेचा निळा स्प्रे, काहीच नको.

जुनी_जीप
मेणाचं बरोबर आहे. आम्हीही लावायचो. कापड तीन-चार वर्षं टिकलं तर मला कळवा, मी माझं मत बदलेन.

चिंचबन
कळवतो काका. कापडाची जीभ उद्याच शिवून घेतो, पिशव्या परवा आणायच्या आहेत. शेतकरी_पाथरी, १०० दाणे आजच गोणपाटात घातले, गावातल्या एकाकडं त्याच लॉटची पिशवी आली होती.