मदत हवी आहे: पोरं अहिराणीत, पाठ टाचण प्रमाण मराठीत

नमस्कार मंडळी. बालशिक्षण पदविकेच्या शेवटच्या सत्राला आहे. सराव पाठांसाठी अमळनेर तालुक्यातली एक अंगणवाडी मिळालीय. तीन ते सहा वयाची सगळी पोरं एकाच खोलीत. मी यावलकडची, घरी लेवा बोली. अहिराणी नीट कळते, बोलायला गेले की पोरं खुदुखुदु हसतात. हसू देत, त्याचं काही नाही.

अडचण वेगळीच आहे. परवा भाज्यांचा पाठ होता. वांग्याचं चित्र धरून "हे काय आहे?" विचारलं, तर पुढे बसलेली चार वर्षांची पोर फ्रॉकची कड चावत गप्प. चित्र बदललं, तरी तेच. मागे खिचडीचे तांदूळ निवडणाऱ्या मदतनीस मावशींनी जागेवरूनच विचारलं, "हाई काय शे व?" तशी ती ताडकन म्हणाली, "भरीतनं वांगं!" मग कपाशीच्या काड्यांवर तिची आजी वांगी कशी भाजते, हे हातवारे करून सांगत सुटली. तिच्यामागे बाकीचेही.

माझ्या मते पाठ तिथे खरा सुरू झाला. निरीक्षणाला आलेल्या मॅडमनी मात्र वहीत शेरा मारला: 'बोलीचा वापर टाळावा.' गुण त्यांच्या हातात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. पण पुढच्या पाठाला हीच पोर पुन्हा गप्प बसवायची का? टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, अहिराणी कुठे आणि कशी दाखवावी? अनुभवी ताई-दादांनी सांगावं. (पालकांचं 'एबीसीडी कधी लिहायला लावणार' चालूच आहे, त्याचा वेगळा धागा काढते.)

पारोळ्याची सेविका: ताई, अहिराणी चोरून वापरू नका, टाचणात उघड लिहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर धरलाय आणि लहान वयात घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिलाय. उद्दिष्टातच लिहायचं, 'मूल घरच्या भाषेत वस्तूचं वर्णन करेल, नंतर तेच मराठीत ऐकेल.' उद्दिष्ट म्हणून आलं की त्याला चूक म्हणणं अवघड जातं.

एक मात्र करू नका. एक वाक्य मराठीत, लगेच तेच अहिराणीत, असं नको. पोरं हुशार असतात, आपल्या भाषेतलं येईपर्यंत मराठीकडे कान देत नाहीत. आज आख्खी गोष्ट अहिराणीत, मावशींच्या तोंडून. उद्या तीच गोष्ट, तीच चित्रं, मराठीत तुम्ही. गोष्ट ओळखीची असली की नवे शब्द आपोआप पकडतात. आणि "असं नाही, असं म्हण" हे तर नकोच. मूल "माले" म्हणालं तर आपण पुढच्या बोलण्यात सहज "मला" म्हणायचं, बस.

धडगावहून: तुम्हाला अहिराणी कळते तरी! इथे पोरं पावरी या आदिवासी बोलीत बोलतात, मला सुरुवातीला ओ की ठो कळेना. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वारली पोरांसाठी कामाला लागल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असणार. मी मोठ्या भावंडांना मधल्या सुट्टीत गाठून शब्द विचारले आणि चित्रांच्या मागे देवनागरीत लिहून ठेवले. पाठाच्या वेळी चित्र पोरांकडे, शब्द माझ्याकडे. निरीक्षकांनी तेच 'शैक्षणिक साहित्य' म्हणून धरलं. तुम्हीही मावशींचं नाव टाचणात 'सहाय्यक' म्हणून घाला, म्हणजे त्यांचं बोलणं पाठात मोडेल.