मदत हवी आहे: घरच्या कामासाठी पहिलं मिग वेल्डिंग मशीन कसं निवडावं?
नमस्कार मंडळी. आतापर्यंत रॉडच्या वेल्डिंगवर भागवलं, पण पातळ चौकोनी पाइप आला की हमखास भोक पडतं. काल स्टुलाचा दीड मिमीचा पाय जोडताना तीनदा पडलं. भरत बसलो तर नुसता गोळा झाला. म्हणून आता मिग, म्हणजे रॉडऐवजी वायर आपोआप पुढे सरकणारं मशीन, घ्यायचंय. काम १.५ ते ४ मिमी लोखंडाचं, सिंगल फेजवर.

वेल्डला हवेपासून वाचवणाऱ्या गॅसचा सिलिंडर लगेच नको. बिनगॅसच्या फ्लक्स कोअर वायरला (आत फ्लक्स पावडर भरलेली पोकळ वायर) टॉर्च, म्हणजे वेल्डिंगची गन, निगेटिव्हला लावावी लागते, त्यामुळे पोलॅरिटी (प्लस-मायनस) बदलता येणारंच मशीन बघतोय. पण ०.८ मिमीची ती वायर दीड मिमीला झेपते का, की तिथे गॅसच हवा? आणि ड्यूटी सायकल (दर दहा मिनिटांत मशीन किती वेळ वेल्डिंग करू शकतं) ६० टक्के लिहितात, पण किती अँपिअरला ते लिहीतच नाहीत! स्वतः वापरलेल्यांनी जरूर सांगा.